धसक्याची खूण

‘धसका’ हा शब्द आपल्या घरोघरी आहे. एखाद्याने धसका घेतला की त्याची झोप उडते, अन्न अंगी लागेनासे होते, दाराची कडी वाजली तरी तो दचकतो. रणांगणावरून परतलेल्या शिपायाच्या अशा धसक्याला डॉक्टर आघातोत्तर तणावविकार म्हणतात. त्याची खूण शरीरात सापडते काय?

धार-देवासच्या पवारांच्या मुलखात हा विषय काढण्यास कारण आहे. धारचे यशवंतराव पवार १७६१ मध्ये पानिपतावर पडले. त्या संहाराची वार्ता सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक हिशेबात पेशव्यांना कळली, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. परंतु जे जिवंत परतले त्यांच्या रात्री कशा गेल्या, हे त्या हिशेबात कोठून येणार? नानासाहेब पेशवे त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर वारले. पानिपताच्या धसक्याने गेले, असे आपण म्हणतो. पण ते आधीपासून आजारीच होते. मग दोष घावाचा, की अगोदरच खंगलेल्या देहाचा?

हाच पेच आजच्या वैद्यकापुढे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, मायर्स नावाच्या डॉक्टरने ‘शेल-शॉक’ हे नाव छापून प्रसिद्ध केले. तरीही पुष्कळ शिपायांना भेकड म्हणूनच हिणवण्यात आले. सध्याचे नाव अमेरिकेत १९८० साली रूढ झाले. संकटकाळी शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. व्हिएतनामहून परतलेल्या रुग्णांतही ते वाढलेले असेल, अशी अपेक्षा होती. १९८६ मध्ये त्यांच्या लघवीत ते उलट कमी निघाले! पुढील तपासण्या मात्र एकमुखी नाहीत. १९९५ च्या सुमारास मेंदूच्या चित्रांत, स्मृतीशी निगडित असा हिप्पोकॅम्पस हा भाग अशा सैनिकांत लहान दिसला. युद्धानेच तो झिजला, असे बहुतेकांनी धरून चालले.

देवासच्या दोन पात्या, थोरली नि धाकटी, दोघा भावांपासून निघाल्या. शास्त्रज्ञांनीही दोघा भावांचाच आधार घेतला, मात्र हुबेहूब जुळ्यांचा. एक लढाईवर गेलेला, दुसरा घरी राहिलेला. २००२ च्या त्या अभ्यासात, ज्या सैनिकाचा विकार तीव्र, त्याच्या घरी राहिलेल्या भावाचाही तो भाग लहान आढळला. त्या भावाने रण पाहिले नव्हते, व त्याला हा विकारही नव्हता. म्हणजे ही खूण निदान काही अंशी युद्धापूर्वीची!

२०१९ मध्ये इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांच्या २८ शारीरिक खुणा एकत्र मोजून निदान जुळवण्याचा प्रयत्न झाला. त्यास बरेच यश आले. तथापि एवढ्यावरून निर्णय देणारी चाचणी अद्याप दवाखान्यांत आलेली नाही.

इंदुराजवळच्या महूला १८१८ पासून छावणी आहे. फौजेतून निवृत्त झालेली माणसे ह्या भागात नवी नाहीत. ज्याच्या पायात गोळी आहे, तो क्ष-किरणांचे चित्र पुढे करू शकतो. ज्याची झोप गेली, त्याच्याजवळ स्वतःचा शब्द आणि घरच्यांची साक्ष एवढेच असते. म्हणून डॉक्टर अजूनही समोर बसवून विचारतात: झोप लागते का? स्वप्नात काय दिसते? दिवाळीत फटाके वाजू लागले की तुम्ही कोठे जाऊन बसता?