जत्रेतली बटाट्याची कोशिंबीर
(प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



चैत्री पौर्णिमेला जोतिबाची मोठी यात्रा भरते. वाडी रत्नागिरीचा डोंगर माणसांनी भरून जातो. गावोगावच्या उंच सासनकाठ्या येतात. पहिला मान पाडळीच्या काठीचा. गुलाल-खोबरे उधळतात. दवणा वाहतात. 'चांगभलं'चा गजर होतो. महाराष्ट्रातून लोक येतात, तसे कर्नाटकातूनही येतात.

एवढी माणसे आली म्हणजे जेवण आलेच. देवाला पुरणपोळीचा नैवेद्य. डोंगरावर आणि वाटेवर अन्नछत्रे. डोंगराखालच्या कुशिरे, पोहाळे, गिरोली, दाणेवाडी या गावांतही घरोघरी पाहुणे. उन्हाचा कडाका असतो. तिखट रस्सा-भाताबरोबर पानात काही गार असावे, असे सर्वांना वाटते. मग बटाट्याची कोशिंबीर होते. उकडलेला बटाटा, दही, शेंगदाण्याचे कूट, जिऱ्याची फोडणी. स्वस्त आणि पोटभर. म्हाताऱ्याला चावते, पोराला आवडते.

आज आम्ही या कोशिंबिरीबद्दलच बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, कोशिंबीर काय आमाला येत न्हाई व्हय?" येते. चार माणसांची सर्वांना येते. चारशे माणसांची, भर उन्हात, कुणाचे पोट न बिघडवता करणे, हे वेगळे काम आहे.

आधी बटाट्याची ओळख करून घेऊ. बटाटा मूळचा आपला नव्हे. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज नावाच्या डोंगरातला. पोर्तुगीज लोकांनी तो आपल्या किनाऱ्यावर आणला. 'बटाटा' हा शब्दही त्यांचाच. आता तो आपला झाला आहे. पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे.

परदेशातही उन्हाळ्याच्या मेळ्यात बटाट्याची कोशिंबीर असतेच. जर्मनीत दक्षिणेकडचे लोक तिच्यात शिरका आणि तेल घालतात. उत्तरेकडचे लोक अंड्याचा बलक आणि तेल घोटून घालतात. अमेरिकेतही तशीच चाल आहे. आपण दही घालतो. देश वेगळे, पण उन्हाळ्यातली काळजी एकच.

ती काळजी कोणती? कोशिंबीर बाधली की लोक म्हणतात, "दही नासलं हुतं." आम्ही म्हणतो, सगळा दोष दह्यावर घालू नका. दही आंबट असते. आंबटात पुष्कळसे जंतू नीट वाढत नाहीत. उकडलेला बटाटा मऊ, ओला आणि गोडसर असतो. कोमट असताना तो जंतूंना फार मानवतो. आणि हे जंतू येतात कुठून? काही मातीतून येतात. त्यांचे बी उकळत्या पाण्यातही टिकते. काही आपल्या हातांवरून, नाकातून, बोटाच्या जखमेतून येतात.

यात्रेत सर्वांचे हात गुलालाने लाल होतात. तसा हात कोशिंबिरीत गेला, तर बायका लगेच ओरडतील. गुलाल दिसतो ना! जंतू दिसत नाहीत. ते दिसत असते, तर आम्हाला हे भाषण करावे लागले नसते. म्हणून गुलाल नसला तरी साबणाने हात धुवा. बोटाला जखम असेल, तर त्या दिवशी कोशिंबिरीला हात लावू नका. दुसरे काम करा. कालवायला हात नको, मोठा डाव घ्या.

आता कृती सांगतो. माप वीस माणसांचे आहे. वहीत लिहून घ्या.

बटाटे २ किलो. घट्ट गोड दही १ किलो. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट पाव किलो. हिरव्या मिरच्या ८. कोथिंबीर एक जुडी. जिरे २ चमचे. तेल अर्धी वाटी. मीठ आणि थोडी साखर चवीप्रमाणे.

बटाटे निवडून घ्या. कोंब आलेला भाग खोल काढून टाका. हिरवा पडलेला बटाटा घेऊच नका. त्यात विष असते आणि ते उकडून जात नाही. बटाटे माती जाईपर्यंत धुवा. सालीसकट गार पाण्यात घाला, मीठ टाका आणि मग जाळ करा. उकळत्या पाण्यात टाकले, तर वरून गळतात आणि आत कच्चे राहतात. सुरी सहज आत गेली की उतरा. पाणी ओतून टाका.

साल काढून फोडी करा. फोडी परातीत एका थरात पसरा. वर पातळ स्वच्छ कापड टाका. परात सावलीत, वाऱ्याला ठेवा. पातेल्यात ढीग करून ठेवू नका. ढिगाच्या पोटात ऊब तासन्‌तास राहते, आणि तीच ऊब जंतूंना हवी असते.

फोडणी वेगळी करून गार होऊ द्या. दह्यात मिरची आणि साखर मिसळून ठेवा. मीठ मात्र शेवटी. आधी घातले तर पाणी सुटते. बटाटा गरम असतानाही दही घालू नका. दही फुटते, कोशिंबीर पातळ होते. पंगत बसली की बटाटा, दही, कूट, फोडणी आणि मीठ एकत्र करा. हलक्या हाताने कालवा. लगदा करू नका. वर कोथिंबीर घाला.

झाली कोशिंबीर. आता वेळेचे पाहू.

पहाटे उकडलेला बटाटा दुपारी एकच्या पंगतीला नको. पंगत पाहून उकडा. पहिली पंगत बारा वाजता असेल, तर साडेदहाला बटाटे चढवा. सव्वाअकराला उतरा. पावणेबारापर्यंत ते निवतील. बारा वाजता कालवा. दुसऱ्या पंगतीचे बटाटे दुसऱ्या खेपेला उकडा. चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांत बटाटा पोटात गेला पाहिजे. कालवलेली कोशिंबीर अशा उन्हात एका तासाच्या आत संपवा. एका तासावर उरली, तर टाकून द्या. संध्याकाळी घरी नेऊ नका, शेजारी देऊ नका. अन्न टाकताना जीव तुटतो, हे आम्हाला कळते. म्हणूनच थोडे थोडे कालवा, म्हणजे टाकावे लागणार नाही.

एका मावशींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, आमच्या सासूबाईंनी कवा घड्याळ बघितलं न्हाई. त्यांचं कुणाला बाधलं न्हाई. आत्ताच ह्ये काय?"

मावशींचा प्रश्न खरा आहे. सासूबाई दहा माणसांचे करीत. चुलीवरून उतरले की पानात पडे. तासाभरात भांडे रिकामे होई. घड्याळाची गरजच नव्हती. आता एका पातेल्यातून पाचशे माणसे जेवतात. रांधणारा एक, कालवणारा दुसरा, वाढणारा तिसरा. बटाटा कधी उतरला, हे तिसऱ्याला ठाऊक नसते. तो वाढत राहतो. एका जत्रेत आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. सकाळचे पातेले तीन वाजेपर्यंत वाढले गेले. वास चांगला होता, चवही चांगली होती. रात्री अकरा पोरांना ओकाऱ्या सुरू झाल्या. पातेले कधीचे, हे कुणालाच सांगता येईना.

मंडळी, वासावरून आणि चवीवरून हे कळत नाही. काही जंतू अन्नात विष सोडतात. ते विष पुन्हा तापवूनही जात नाही. कळते ते फक्त वेळेवरून. आणि वेळ लक्षात ठेवायचा उपाय आता तुमच्या हातात आहे. तुम्ही लिहायला शिकला आहात. पातेल्यावर चिठ्ठी चिकटवा: 'उतरले ११.१५. कालवले १२.००. १ च्या आत संपवा.' एवढी तीन वाक्ये. वाढणारा पोरगा ती वाचेल. जी आक्का काल अंगठा उठवीत होती, तिची चिठ्ठी पाचशे माणसांना सांभाळील.

बर्फ आणि फ्रिजबद्दलही सांगतो. घरी फ्रिज असेल, तर फोडी पसरट भांड्यात ठेवा. बर्फ असेल, तर दह्याचे भांडे बर्फात ठेवा. बर्फ दह्यात टाकू नका. निळा बर्फ खाण्याचा नव्हे. न खाण्याच्या बर्फाला निळा रंग द्यावा, असा नियम महाराष्ट्रात २०१८ साली आला. काहीच नसेल, तर भांड्याभोवती ओले फडके गुंडाळा. त्याने थोडा गारवा येतो, पण एका तासाचे दोन तास होत नाहीत.

इतके करूनही कुणाला ओकाऱ्या-जुलाब झाले, तर घाबरू नका आणि वाटही पाहू नका. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घाला. चमचे सपाट भरा. हे पाणी घोट घोट पाजा. तान्ह्याचे अंगावरचे दूध तोडू नका. दवाखान्यातली ओ. आर. एस. ची पुडी मिळाली तर अधिक चांगली. पोर गळून गेले, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचातून रक्त गेले, तर लगेच दवाखाना गाठा. १०८ नंबर फिरवला की सरकारी रुग्णवाहिका येते. हा नंबर घराच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

'चांगभलं' म्हणजे सर्वांचे चांगले होवो, भले होवो. डोंगर चढून दमलेला माणूस आपल्या पानावर विश्वासाने बसतो. घरी तो धडधाकट पोहोचला, की आपल्या हातून त्याचे भले झाले.

आता पाट्या घ्या आणि हे सोडवा.

१. वीस माणसांना २ किलो बटाटे लागतात. साठ माणसांना किती लागतील? दही किती लागेल?

२. पंगत दीड वाजता आहे. बटाटे किती वाजता चढवाल?

३. त्या पातेल्यावरची चिठ्ठी स्वतःच्या अक्षरात लिहा. शेजाऱ्याला ती वाचायला द्या. त्याला वाचता आली, म्हणजे तुमची चिठ्ठी बरोबर.