कूलर गार का करत नाही?

चैत्र सरत आला की आपल्या नांदेड-लातूरकडं घरोघरी एकच तक्रार. "कूलर लावलाय, पाणीबी भरलंय, पण वारं गरमच येतंय." मग मेकॅनिकला फोन, त्याची वाट बघणं, आणि आल्याबरोबर त्याच्या हातावर पैसे. खरं तर पुष्कळदा मशीन धडधाकट असतं. दोष कुठं असतो ते आज बघू. ज्यांच्या घरी एसी आलाय त्यांच्यासाठीही शेवटी थोडं सांगते.

कूलर म्हणजे पंखा लावलेला माठच समजा. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ उष्णता घेऊन जाते. कूलरमध्ये ओल्या ताट्यांमधून हवा ओढली जाते आणि तसंच घडतं. आता सांगा, जुना माठ पाणी गार का करत नाही? क्षारांनी त्याची छिद्रं बुजलेली असतात. आणि पावसाळ्यात नवा माठसुद्धा गार का करत नाही? हवाच दमट असते, वाफ होत नाही. कूलरची दुखणीही बहुतेक हीच दोन आहेत.

आधी दमट हवेचं बघू. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून आपण दारं-खिडक्या लावून घेतो आणि कूलर खोलीच्या मधोमध ठेवतो. मग तीच ओली हवा पुन्हा पुन्हा फिरते. अर्ध्या तासात अंग चिकट होतं, पांघरूण दमट लागतं. कूलरची पाठ खिडकीबाहेर हवी, म्हणजे त्याला बाहेरची कोरडी हवा मिळेल. समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार वीतभर उघडं हवं, म्हणजे आतली हवा निघून जाईल. एवढ्यानंच कितीतरी कूलर सुधारतात, आणि खर्च काहीच नाही.

यापुढचं काम कूलर उघडून करायचं आहे. म्हणून नीट ऐका. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढा. मगच हात लावा. पत्र्याचा कूलर, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि आपण अनवाणी. पंपाची वायर कुठं सोललेली असेल तर सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यात पाणी भरायला गेलेल्या बाया असतात, खेळता खेळता हात लावलेली लेकरं असतात. चालू कूलरमध्ये पाइप सोडून पाणी भरायचं नाही. पिन तीन पायांची हवी, आणि तिसऱ्या पायाला जोडलेली अर्थिंग जमिनीपर्यंत खरंच पोचलेली हवी. उन्हाळ्यात जमीन वाळली की अर्थिंगही कमजोर पडतं, म्हणून त्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं. घरात करंट गळताच वीज तोडणारं ब्रेकर बसवून घेतलं तर फार बरं. ते ३० मिलीअँपिअरचं मागा. नव्या साडीच्या आधी ते घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. आणि कुणाला शॉक लागलाच तर त्या माणसाला हात लावू नका, आधी मेन स्विच पाडा.

आता ताट्या. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. कूलरमधून उडून जातं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात. आपण वरून भर घालत राहतो आणि टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जास्त खारं होत जातं. ताट्यांवर पांढरा थर चढतो, गवत कडक होतं, माठासारखीच छिद्रं बुजतात. गवत कडक झालं असेल तर बदलाच, ते धुऊन पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. पोळ्यासारखे पुठ्ठ्याचे पॅड असतील तर मऊ ब्रशनं हळू घासा. थर लिंबाच्या पाण्यानं सुटतो. वरच्या पन्हाळीची भोकंही बघा. एक भोक बुजलं तरी त्याखालची ताटी कोरडी राहते आणि तिथून गरम हवाच आत येते. पंप घरघरतोय पण पाणी चढत नसेल तर त्याच्या जाळीत गाळ अडकलेला असतो.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासायची. क्षारही जातात आणि डेंग्यूच्या डासाच्या अळ्याही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून ते पाणी ओटा, मोरी धुवायला वापरा. झाडांना मात्र नको, त्यात खार फार असतो.

आता एसी. त्याचा नियम कूलरच्या उलटा, दारं-खिडक्या घट्ट बंद. दोन्ही एकाच खोलीत चालवू नका, कूलरची ओल काढण्यातच एसी दमतो. गार होत नसेल तर रिमोटवर 'कूल' आहे की नुसता 'फॅन' ते बघा. आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवा. बाहेरच्या पेटीवर मळणीचा भुसा, धूळ बसली असेल तर वीज बंद करून ती साफ करा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की आतला पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, तेव्हा बल्बही मिणमिणता दिसेल. तो एसीचा दोष नव्हे.

एवढं करूनही गार होईना आणि मेकॅनिक म्हणाला, "ताई, गॅस संपलाय," तर लक्षात ठेवा, एसीतला गॅस शेगडीच्या सिलिंडरसारखा जळून संपत नाही. बंद नळ्यांतून तोच गॅस फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. "आधी गळती दाखवा, ती बुजवा, मग गॅस भरा," असं त्याला सांगा, आणि तो काम करत असताना तिथंच उभ्या राहा.