अडकलेले बोट



सबंध व्याख्यान एका बोटावर द्यायचे म्हणजे व्याख्यात्याला विषयांची टंचाई पडली असावी, अशी शंका काहींना येईल. पण ज्या गावात रापी आणि आरीने चपला घडतात, जवळच हुपरीला चांदीचे पैंजण होतात आणि घरोघरी भाकऱ्या थापल्या जातात, तेथे बोटाचा विषय हा पोटाचाच विषय होय.

सकाळी मूठ उघडू जावे, बाकीची बोटे सरळ व्हावीत आणि अनामिका तेवढी वळून बसावी. दुसऱ्या हाताने ओढली की 'खट्' करून उघडावी आणि कळ यावी, असे या दुखण्याचे रूप असते. बंदुकीच्या घोड्यासारखा खटका बसतो म्हणून डॉक्टर याला 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. नोटा या फ्रेंच शल्यवैद्याने १८५० मध्ये त्याचे वर्णन केले. अनामिका आणि अंगठा यांना ते अधिक होते, आणि पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांत पुरुषांहून अधिक आढळते. हाताच्या कष्टाने ते चिघळते. पण कष्टानेच होते असे म्हणवत नाही, कारण जन्मात रापी न धरलेल्या कारकुनालाही ते गाठते. सर्वसाधारण लोकांत शंभरी दोन-तीन, तर मधुमेह्यांत दहापर्यंत असे याचे प्रमाण सांगतात. तेव्हा दोन-तीन बोटे अडकू लागली तर रक्तातील साखर अवश्य पाहून घ्यावी.

आता आत काय घडते ते पाहू. बोट वाकविणारी दोरी कोपराखालच्या स्नायूपासून निघून तळहातातून बोटात जाते. ती हाडाला धरून राहावी म्हणून वाटेत पट्ट्यांच्या कड्या आहेत. पायजम्याच्या नाडीला गाठ पडली की ती नेफ्याच्या तोंडाशी अडते, हे आपण सर्वांनी, बहुधा घाईच्याच वेळी, अनुभवले आहे. येथे तेच होते. पहिली कडी जाड होते, दोरीला फुगवटा येतो. वाकविणारे स्नायू दांडगे. ते फुगवटा कडीतून पार ओढतात. सरळ करणारे त्यामानाने दुबळे. त्यांना तो परत आणवत नाही.

ही कडी असते तळहातात, बोटाच्या मुळाशी. खटका मात्र जाणवतो बोटाच्या मधल्या सांध्यात. सारा घोटाळा येथे आहे. रोगी सांधा चोळतो, तेल जिरवितो, कोणाकडून तरी ओढून 'नस बसवून' घेतो, आणि यात महिने जातात. बोट फार काळ वाकलेले राहिले तर तो मधला सांधाच आखडतो. मग कडी मोकळी केली तरी बोट पुरते सरळ होईलच असे नाही. आमची तक्रार आहे ती या वाया गेलेल्या महिन्यांबद्दल.

दुखणे नवे असेल तर हाताला विश्रांती आणि काही आठवडे रात्री बोट सरळ ठेवणारी पट्टी, एवढ्यावर पुष्कळदा भागते. न भागल्यास कडीपाशी स्टेरॉइडची सुई. या शब्दाला लोक फार भितात. पण महिनोन्महिने गोळ्या गिळणे वेगळे आणि एका जागी थेंबभर औषध देणे वेगळे. निम्म्याहून अधिक रोग्यांना तिने गुण येतो. मधुमेह्यांना गुण कमी, शिवाय साखर काही दिवस चढते, हे आधी सांगितलेले बरे. दोन-तीन सुयांनी भागले नाही तर टोचीत राहण्यात अर्थ नाही.

तान्ह्या मुलाचा अंगठा असा वाकलेला दिसला तर घाबरू नये. वयाबरोबर तो अनेकदा आपोआप सुटतो. डॉक्टरांना दाखवून वाट पाहावी.

शस्त्रक्रिया नावाला मोठी, पण काम लहान. भूल तळहातापुरती, चीर सुमारे एक-दीड सेंटिमीटरची. कडी उभी चिरून मोकळी करतात. पुढच्या कड्या शाबूत असल्याने दोरी जागा सोडीत नाही. रोगी जागाच असतो. त्याला बोट वाकवून सरळ करायला सांगतात, आणि खटका गेला हे वैद्याला व रोग्याला एकदमच कळते. आम्हाला या विद्येतील हा भाग फार आवडतो. चीर न देता सुईने कडी सोडविण्याची रीत लॉर्थिओर यांनी १९५८ मध्ये मांडली. तीही आज चालते. मात्र अंगठ्याची चेतातंतू कडीच्या अगदी जवळून जाते, म्हणून तेथे हात जपून चालवावा लागतो.

रोगी त्याच दिवशी घरी जातो, आणि बोट हलविणे त्याच दिवशी सुरू करायचे असते. भीतीने मूठ बांधून बसला तर बोट नव्याने आखडेल. पट्टी कोरडी ठेवावी, हात उंच धरावा. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात. लाली, पू, ताप किंवा बोटाला बधिरपणा आला तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. पेन, ताटवाटी ही कामे काही दिवसांत जमतात; भाकरी थापायला तीन-चार आठवडे धरावेत. रापी चालविणाऱ्याने त्याहूनही थोडे अधिक थांबावे, कारण चिरेची जागा आणि रापीची मूठ टेकण्याची जागा जवळजवळ एकच, आणि तेथला व्रण महिना-दोन महिने दाबाला दुखतो.