माणूस एक, खिडक्या पाच

(वस्तीतल्या पोरापोरींच्या शिबिरात केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, अडखळलेलं तेवढं काढलंय.)



मला सांगितलं, आरोग्यावर बोल. मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला, गोदीतला कंत्राटी मजूर आहे. पाळी सुटली की कविता लिहितो. पण आरोग्यावर डॉक्टरनंच बोलायचं हे कुणी ठरवलं? खोकला आमचा, छाती आमची, मग शब्द का उसने आणायचे?

मी एकच गोष्ट सांगणार आहे. आजारी माणूस एक असतो. सरकार त्याचे पाच तुकडे करतं आणि ते तुकडे परत शिवायचं काम त्याच्या बायकोच्या अंगावर टाकतं.

टीबीचं घ्या. आपल्या वस्तीत हा रोग कुणाला सांगावा लागत नाही. गोळ्या फुकट आहेत. तपासणी फुकट आहे. शिवडीला महापालिकेचं टीबीचं मोठं हॉस्पिटल आहे. हे मी नाकारत नाही. जे आहे ते आहे म्हणायची आपल्याला लाज नाही. पण टीबी नुसत्या गोळीनं जात नाही. पोटात अन्न लागतं. अंगाला आराम लागतो, म्हणजे बुडालेली मजुरी कुणीतरी भरून द्यावी लागते. घरात उजेड आणि वारा लागतो.

आता खिडक्या मोजा. गोळीची खिडकी महापालिकेच्या आरोग्य खात्याची. धान्याची खिडकी शिधावाटप कार्यालयाची. पोषणाच्या पैशाची खिडकी तिसरी. निक्षय पोषण योजना एप्रिल २०१८ मध्ये आली, महिन्याला ५०० रुपये. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. ते बँकेत येतात. खातं नसेल, आधार जोडलेलं नसेल, नावातलं एक अक्षर इकडचं तिकडं असेल, तर पैसे वरच्यावर लटकतात. चौथी खिडकी तहसीलदाराची. संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत क्षयरोग आहे. २०२३ मध्ये ते अनुदान महिन्याला १,५०० केलं. पण अट काय? कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत पाहिजे. भागाकार करा. दिवसाला साठ रुपयेसुद्धा पडत नाहीत. मुंबईत साठ रुपयांत चालणारं एक घर मला दाखवा. जिवंत दाखवा. पाचवी खिडकी घराची. ती झोपडपट्टी पुनर्वसनवाल्यांची, आणि ती बहुतेक बंदच असते.

गोदीत एक खोका बोटीतून उतरला की टॅली क्लार्क त्याला मोजतो. क्रेनवरून शेडमध्ये, शेडमधून ट्रकमध्ये, प्रत्येक ठिकाणी त्याची चिठ्ठी त्याच्याबरोबर जाते. खोका हरवला तर कुणाची तरी मान पकडली जाते. साबणाच्या खोक्याला ही इज्जत आहे. आमच्या आजारी माणसाला नाही. तो एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना वाटेत हरवला तर कुणीच त्याला शोधत नाही. रजिस्टरमध्ये एवढंच लिहितात, 'पेशंट आला नाही.'

आमच्या गल्लीत एक भाऊ आहेत. कंत्राटी सफाई कामगार. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या. काम बंद, म्हणजे पगार बंद. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की उलटी व्हायची. वहिनी चार घरची धुणीभांडी करतात. त्यांनी दवाखान्याचा कागद घेऊन रेशनला जायचं, तिथून उत्पन्नाच्या दाखल्याला, तिथून बँकेला. प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज, नवी झेरॉक्स, नवा साहेब. एका कचेरीतला बाबू म्हणाला, "पेशंटला घेऊन या." छातीत टीबी घेऊन माणसानं तीन मजले चढून सिद्ध करायचं की मला टीबी आहे! एका खेपेला वहिनींची एक खाडी पडायची. महिन्यात दोन घरची कामं सुटली. भाऊ सहा महिन्यांत बरे झाले. कार्डावर शिक्का बसला. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांची थोरली पोरगी खोकायला लागली. शाळा सुटली.

आता बघा गंमत. आरोग्य खात्याचं रजिस्टर बरोबर आहे, पेशंट बरा झाला. रेशनचं बरोबर आहे, नियमानं जेवढं द्यायचं तेवढं दिलं. तहसीलचं बरोबर आहे, अर्ज अपुरा होता. सगळ्यांची रजिस्टरं बरोबर, घर तेवढं बरबाद.

कुणी म्हणेल, पोरीला झालं ते नशीब. नशीब नाही. झारखंडमध्ये चार जिल्ह्यांत २०१९ पासून एक मोठा प्रयोग झाला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांचे सहकारी. २,८०० पेशंट, त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसं. सगळ्या पेशंटना औषधाबरोबर शिधा दिला. पण निम्म्या भागात पेशंटच्या घरच्यांनाही महिन्याला माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निकाल छापून आला. ज्या घरांना शिधा मिळाला तिथं नवा टीबी सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. फुफ्फुसाचा, जो खोकल्यातून पसरतो, तो ४८ टक्क्यांनी. नवीन इंजेक्शन नाही, परदेशी यंत्र नाही. तांदूळ आणि डाळ! आपल्या आयांना हे कायम माहीत होतं. आता शास्त्रानं कबूल केलं. मग डाळ एका खात्याकडं आणि गोळी दुसऱ्या खात्याकडं का?

घराचंही तेच. मानखुर्दचं लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड. रस्त्यासाठी, रेल्वेसाठी झोपड्या पाडल्या आणि माणसं तिथं कोंबली. दोन इमारतींमध्ये तीन मीटरची फट. डॉक्टर आणि आयआयटीवाल्यांनी तिथं अभ्यास केला. जिथं ऊन आणि वारा पोचत नाही अशा खालच्या मजल्यांवर टीबी जास्त दिसला. म्हणजे एक खातं टीबीच्या गोळ्या वाटतंय, आणि दुसरं खातं टीबीची खुराडी बांधतंय. शहराचा कचरा १९२७ पासून देवनारला पडतो. त्याच्याच कडेला शहरानं माणसंही टाकली. कुणाची माणसं, हे या मंडपात मी सांगायला नको. गावकूस गेलं असं कोण म्हणतं? ते फक्त सिमेंटचं झालं.

हे जोडता येत नाही, असं साहेब लोक सांगतात. मी म्हणतो, येतं. १९४२ ते १९४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. त्या खात्यानं १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकरांना कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखायला बसवलं. १९४४ ला त्यांचा अहवाल आला, १९४८ ला कायदा झाला, १९५२ पासून राज्य विमा योजना चालू झाली. तिचं मर्म काय? औषध आणि मजुरी एकाच कार्डावर. कामगार आजारी पडला की दवाखाना त्याचाच आणि बुडालेल्या पगाराचा मोठा हिस्साही तिथूनच. टीबीसारख्या लांबणाऱ्या दुखण्यात, अटी पुऱ्या झाल्या तर, मजुरीच्या ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. सत्तर वर्षांपूर्वी हे जोडलं गेलं. पण ते कुणासाठी? ज्याचं नाव हजेरीपटावर आहे त्याच्यासाठी. आमच्या भाऊंना कंत्राटदारानं कागदावर कधी कामावर दाखवलं, कधी नाही. धुणीभांडी करणाऱ्या वहिनी तर कुठल्याच पटावर नाहीत. म्हणजे जोडणी आहे, आपण तिच्या बाहेर आहोत.

दुसरं उदाहरण केरळचं. १९९३ साली कोझिकोडला अंथरुणाला खिळलेल्या, असह्य वेदनेतल्या पेशंटसाठी काम सुरू झालं. १९९९ पासून मलप्पुरम जिल्ह्यात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांनी हातात घेतलं. विद्यार्थी, दुकानदार, मजूर शिकून तयार झाले. नर्स घरी जाऊन जखम धुते, आणि बरोबरचा शेजारी बघतो की घरात तांदूळ आहे का, पोराची फी भरली का. २००८ मध्ये राज्य सरकारनं त्याचं धोरण केलं आणि पंचायती त्यात उतरल्या. पेशंट खिडकीवर गेला नाही. खिडकी पेशंटच्या घरी आली.

पण दोन ठिकाणी सावध राहा.

एक, हल्ली जोडणी म्हटलं की कॉम्प्युटर दाखवतात. सगळ्या याद्या एकमेकींना जोडल्या म्हणे. यादी जोडली म्हणजे माणूस जोडला असं होत नाही. नाव कापायला याद्या एका रात्रीत जुळतात. नाव घालायला मात्र चपला झिजतात.

दोन, जोडायचं काम कुणाच्या पाठीवर पडणार? आशाताईंच्या, आरोग्यसेविकांच्या, अंगणवाडीताईंच्या. आशा २००५ पासून आहेत. आजही त्यांना कर्मचारी म्हणत नाहीत, स्वयंसेविका म्हणतात. घरोघर जा, थुंकीचा डबा आणा, फॉर्म भरा, आणि पगाराऐवजी मोबदला घ्या. आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामं अशीच केली. त्याला वेठबिगार म्हणत. वेठबिगारीवर उभी केलेली जोडणी आपल्याला नको. जो जोडेल त्याला पूर्ण पगार, आणि तो माणूस वस्तीतलाच.

म्हणून मागणी साधी आहे. आठवड्यातून एक दिवस, वस्तीत, एका टेबलावर डॉक्टर, शिधावाटपचा माणूस, तहसीलचा कारकून आणि बँकवाला एकत्र बसले पाहिजेत. दवाखान्याचा एक कागद सगळ्यांना चालला पाहिजे, दुसरा पुरावा मागायचा नाही. शिधा एकट्या पेशंटला नाही, सगळ्या घराला. आणि नवी इमारत बांधताना आरोग्य खात्याची सही लागली पाहिजे, की या खोलीत ऊन येतं.

हे अर्जानं मिळणार नाही. आणि नुसत्या घोषणेनंही नाही. साहेब विचारणार, किती लोक? कुठली घरं? तेव्हा आपल्या हातात चोपडी पाहिजे. प्रत्येक पोरानं, प्रत्येक पोरीनं दहा घरं घ्यायची. पाच रकाने आखायचे: गोळी, धान्य, पैसे, मजुरी, उजेड. मिळालं तर टिक, नाही तर फुली, आणि कुठल्या खिडकीवर किती खेपा झाल्या तो आकडा. पण नाव लिहायचं नाही, घराला नंबर द्यायचा. टीबीच्या नावानं आपल्याकडं पोरींची लग्नं मोडतात, खोलीवाला सामान बाहेर काढतो. कुणाचं दुखणं चव्हाट्यावर आणून आपल्याला क्रांती करायची नाही.

आणि कुणी विचारलं की तुम्ही चळवळीची पोरं, हे चोपड्या काय लिहीत बसलात, तर सांगा, सरकारच्या पाच चोपड्या आहेत आणि पाचही खरं बोलत नाहीत. सहावी आम्ही लिहितोय.

रविवारी सकाळी नऊला इथंच या. वह्या आणि पेन्सिली मी आणतो. गल्ल्या वाटून घेऊ. चोपड्या भरल्या की वॉर्ड ऑफिसच्या दारात त्या मोठ्यानं वाचू, घर नंबर एकपासून, आणि साहेब खाली उतरेपर्यंत थांबायचं नाही.

जयभीम.