जीपच्या स्टिअरिंगची पेटी

मुंबईत जोडल्या गेलेल्या जुन्या विलिस जीपगाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हते. सारा जोर दंडाचा. माझ्या जुन्या जीपला ते आहे, आणि गेल्या पावसाळ्यात त्याची पेटी गळू लागली. आमच्या पोशीरहून आजारी माणूस रात्री कर्जतला न्यायचा, तर ही गाडी धड हवीच.

नवी पेटी मीच बसवली. गाडी उजवीकडे भरपूर वळे, डावीकडे अडे! दोष पेटीचा नव्हता. चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजायचे, बरोबर निम्म्यावर थांबायचे, पुढची चाके सरळ धरायची, आणि मगच पिटमन आर्म चढवायचा. मी घाई केली होती.

दुसरे असे, की जुन्या पेटीतला धातूचा कीस नळ्यांत राहतो आणि नवे सील खातो. म्हणून नळ्या आधी धुवाव्यात. मग पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, चक्र सावकाश दोन्हीकडे फिरवावे. तेल उतरेल तसे भरत राहावे. बुडबुडे थांबले, की इंजिन सुरू.

कर्जतची पहिली फेरी झाल्यावर मी पेटीचे बोल्ट पुन्हा तपासले. एक चांगला अर्धा आटा फिरला.