बाणावरील कर आणि रानांतील मृग

पारध्याच्या पैशानें हरिण वांचतें असें कोणीं म्हटलें, तर ऐकणाराला ती थट्टाच वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत गेलीं ऐंशींहून अधिक वर्षें ही व्यवस्था राजरोस चालू आहे. आणि तिचा हिशेब समजून घेण्याजोगा आहे.

एकोणिसाव्या शतकांत त्या देशानें आपली वनसंपत्ति दोन्ही हातांनीं उधळली. विक्रीसाठीं मारलेल्या जनावरांचें मांस आगगाडीनें शहरोशहरीं जाई. आकाश झांकून टाकणारे प्रवासी पारव्यांचे थवे पाहतां पाहतां नाहींसे झाले. त्या जातीचा शेवटचा पक्षी 1 सप्टेंबर 1914 रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मेला. कोट्यवधि रानगवे शेंकड्यांवर आले. मग कायदे झाले. परंतु कायदा राखणाऱ्या रक्षकाला वेतन पाहिजे, आणि उजाड झालेलें रान पुन्हां वसवावयाचें तर जमीनहि विकत घेतली पाहिजे. हा पैसा आणावयाचा कोठून?

तो अखेर शिकाऱ्यांकडूनच आला. रानांत जनावर उरलें नाहीं, तर बंदूक खुंटीला टांगून ठेवावी लागेल, हें त्यांतील शहाण्यांना कळून चुकलें होतें. 1934 सालीं रानबदकांच्या शिकारीसाठीं एक डॉलरचें तिकीट घेणें सक्तीचें झालें, आणि त्या उत्पन्नांतून पाणथळ जागा राखल्या जाऊं लागल्या. 2 सप्टेंबर 1937 रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं पिटमन-रॉबर्टसन कायद्यावर सही केली. बंदुका व काडतुसें यांवरील कर तेव्हांपासून वन्य प्राण्यांच्या कार्याकडे वळला. पुढें 1972 च्या दुरुस्तीनें धनुष्यबाणहि त्यांत आले. आज लांब नळीच्या बंदुकांवर व धनुष्यांवर 11 टक्के, आणि पिस्तुलांवर 10 टक्के कर आहे. तो कारखानदार भरतो. पण अखेरीस त्याचा भार गिऱ्हाइकावरच पडतो.

या पैशाची वांटणी प्रत्येक संस्थानाचें क्षेत्रफळ आणि तेथील परवानाधारक शिकाऱ्यांची संख्या पाहून होते. संस्थानानें कामावर खर्च केलेल्या रकमेपैकीं तीन चतुर्थांशापर्यंत रक्कम त्याला परत मिळते. मात्र त्याला एक कडक अट आहे. शिकारीच्या परवान्यांचें शुल्क वन्य प्राण्यांच्या खात्याबाहेर वळवितां येत नाहीं. देवाच्या पेटींतला पैसा घरखर्चाला घेऊं नये, तसाच हा दंडक! कायद्याचें खरें मर्म या अटींत आहे. त्यामुळेंच पांढऱ्या शेपटीचें हरिण पुन्हां सर्वत्र दिसूं लागलें, आणि रानांतील टर्की पक्षी जाळ्यांत धरून, जेथून तो नाहींसा झाला होता तेथें नेऊन सोडतां आला.

तथापि या व्यवस्थेची दुसरी बाजूहि आहे. कायद्याच्या व्याख्येंत पक्षी आणि सस्तन प्राणी येतात. बेडूक किंवा फुलपांखरूं यांना त्यांत स्थान नाहीं. शिकाऱ्यांचें लोकसंख्येशीं प्रमाण घटत चाललें आहे, आणि बंदूक घेणारे पुष्कळसे लोक तर कधीं रानांत जातहि नाहींत. मनुष्यें परस्परांच्या भयानें शस्त्रें खरेदी करतात, तेव्हां हरणाच्या वाट्याला अधिक पैसा येतो, हा मोठाच विलक्षण योग! उलट दुर्बीण घेऊन पक्षी पाहत हिंडणारा रसिक आपल्या दुर्बिणीवर असा कर देत नाहीं.

ज्या 1972 सालीं अमेरिकेनें बाणावर कर बसविला, त्याच सालीं भारतानें वन्य जीव संरक्षण कायदा केला. 1991 च्या दुरुस्तीनंतर येथें शिकार जवळजवळ पूर्णपणें बंद झाली. दोन्ही देशांचे मार्ग भिन्न, परंतु रानाचा खर्च कोणालाहि चुकलेला नाहीं. मृग मारण्याची हौस असणाऱ्यानें तेथें आपल्या हौसेचें मोल भरलें. मृग जिवंत पाहण्याचीच ज्यांना हौस आहे, त्यांनीं आपलें मोल कसें भरावें, याचें उत्तर दोन्ही देशांना अजून पुरतें द्यावयाचें आहे.