कुलूपबंद ग्रंथ

पोथी रुमालात बांधून जपण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पोथी लिहिणारा गेला, ती विकणाराही गेला, तरी रुमाल सोडला की अक्षरे जागच्या जागी असतात. ग्रंथ विकत घेतला की तो आपला झाला, हा समज अशा अनुभवातूनच रूढ झाला. ई-पुस्तकाच्या बाबतीत मात्र तो खरा राहिलेला नाही.

मोठे विक्रेते बहुधा ई-पुस्तक सांकेतिक कुलपात बंद करून देतात. त्याची किल्ली ग्राहकाच्या खात्याशी आणि वाचनयंत्राशी जखडलेली असते. ग्राहकाच्या पदरी पडतो तो वाचनाचा परवाना, मालकी नव्हे. त्यामुळे दुसऱ्या विक्रेत्याचे यंत्र घेतले, की जुने पुस्तक जवळ असूनही उघडत नाही.

जुलै २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. त्या विक्रीस ठेवणाऱ्याला तसा हक्क नव्हता, हे खरे. ग्राहकांना पैसेही परत मिळाले. परंतु एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे मूळ पानांशी नाते तुटून निरर्थक झाली. २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच मोडले. तेथे हक्काचा वाद नव्हता. धंदा बंद झाला, एवढेच. जुलैपासून वाचकांची पुस्तके नाहीशी झाली. किंमत परत मिळाली, टिपणे केलेल्यांना पंचवीस डॉलर अधिक मिळाले. पुस्तक मात्र कोणालाच मिळाले नाही.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ घालण्यात आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी केलेल्या कृतीच्या आड मात्र ते कलम येत नाही. तथापि, वाचकाला किल्ली द्यावी, असे बंधन त्याने विक्रेत्यावर घातलेले नाही. लेखकाच्या कष्टांचे रक्षण झालेच पाहिजे. पण प्रामाणिकपणे मोल दिलेल्या वाचकाचेही काही रक्षण असावे की नाही?

इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील मराठी वाचकाला जवळ मराठी पुस्तकांचे दुकान असेलच असे नाही. ई-पुस्तक हे त्याला वरदानच आहे. म्हणूनच सावधपणा हवा. कुलूप नसलेली प्रत मिळत असेल तेथे तीच घ्यावी आणि दोन निराळ्या ठिकाणी जपून ठेवावी. टिपणे स्वतंत्र वहीत उतरावीत. खात्याची माहिती घरातील दुसऱ्या कोणाला तरी ठाऊक असावी. आणि जो ग्रंथ नातवंडांच्या हाती पडावा असे वाटते, तो कागदावर घ्यावा.

परत मिळालेल्या पैशांनी पुस्तकाची किंमत भरून निघते. समासात लिहिलेले आयुष्य भरून निघत नाही.